विश्लेषण : ब्राउझरची दुरुस्ती जाहीर झाली, तरी धोका का टळत नाही?

‘क्रोम वापरत असाल तर तातडीने अपडेट करा, केंद्र सरकारचा इशारा’ अशा मथळ्याची बातमी दर काही आठवड्यांनी मोबाइलवर येते. ती इतक्या वेळा येते, की आता वाचून कोणी दचकतही नाही. इशारा खरा असतो, दोषही खरा असतो. मात्र त्यामागची एक महत्त्वाची गोष्ट बातमीत बहुधा नसते. दुरुस्ती जाहीर झाली की ती घेणाऱ्यांचा धोका कमी होतो. न घेणाऱ्यांचा धोका मात्र त्याच दिवसापासून वाढू लागतो. हे कसे घडते आणि दुरुस्ती तयार असूनही ती अनेकांच्या फोनपर्यंत वेळेत का पोहोचत नाही, याविषयी...

ब्राउझरवरच हल्लेखोरांचा डोळा का?

फोनमधील बहुतेक अ‍ॅप्स आपापल्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलतात. ब्राउझरचे काम उलटे आहे. कोणत्याही अनोळखी संकेतस्थळाने पाठवलेला मजकूर, चित्रे, फॉन्ट, व्हिडीओ आणि जावास्क्रिप्टचा कोड उतरवून घ्यायचा आणि तो तिथल्या तिथे वापरकर्त्याच्या यंत्रावर चालवायचा, हेच त्याचे काम. बातमीचे एक पान उघडले तरी त्यासोबत जाहिरात कंपन्यांचा आणि वाचकसंख्या मोजणाऱ्या सेवांचा कोड येतो. त्याच ब्राउझरमध्ये ई-मेल उघडे असते, बँकेचे खाते असते, प्राप्तिकराचे पोर्टल असते आणि साठवून ठेवलेले पासवर्डही असतात. परक्यांना आत घेणारे दार आणि घरातली तिजोरी एकाच खोलीत असावी, तशी ही स्थिती आहे.

ब्राउझर बनवणाऱ्यांना याची जाणीव आहे. म्हणूनच २००८ मध्ये आलेल्या क्रोमने सुरुवातीपासून ‘सॅण्डबॉक्स’ ही रचना वापरली. संकेतस्थळाचा कोड एका बंदिस्त प्रक्रियेत चालतो आणि तिला फोन किंवा संगणकातील फायलींना थेट हात लावता येत नाही. त्यामुळे हल्लेखोराला बहुधा दोन दोष लागतात. एक आत शिरण्यासाठी आणि दुसरा ही चौकट फोडून बाहेर पडण्यासाठी. असे दोष किती मोलाचे असतात याचा अंदाज बक्षिसांवरून येतो. क्रोममधील एकाच दोषासाठी मिळू शकणारे कमाल बक्षीस गुगलने ऑगस्ट २०२४ मध्ये अडीच लाख डॉलरपर्यंत नेले.

इतकी काळजी घेऊनही दोष का राहतात?

ब्राउझर हा आजच्या सर्वात गुंतागुंतीच्या सॉफ्टवेअरपैकी एक आहे. त्याचा मोठा भाग सी आणि सी++ या भाषांत लिहिलेला आहे. या भाषा वेगवान आहेत, पण मेमरीचा हिशेब त्या प्रोग्रामरवर सोपवतात. तिथे चूक होते. क्रोमच्या मुळाशी असलेल्या ‘क्रोमियम’ प्रकल्पाने २०१५ पासून आढळलेल्या ९१२ गंभीर आणि अतिगंभीर दोषांचा आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या हाताळणीतील होते.

मेमरीचा दोष म्हणजे काय, हे शाळेच्या गुणपत्रकाच्या रजिस्टरवरून समजून घेता येईल. एका विद्यार्थ्यासाठी दहा रकाने आखले आहेत. लिहिणाऱ्याने न मोजता बारा आकडे लिहिले, तर शेवटचे दोन आकडे शेजारच्या विद्यार्थ्याच्या रकान्यात जातात. संगणकाच्या मेमरीत असे झाले की बहुतेकदा प्रोग्राम बंद पडतो. पण ते दोन आकडे नेमके कोणते असावेत हे जर हल्लेखोराला ठरवता आले, तर शेजारच्या रकान्यात तो स्वतःच्या सूचना लिहू शकतो. पुढे प्रोग्राम त्या सूचना आपल्याच समजून पाळू लागतो. ‘रस्ट’सारख्या नव्या भाषांमध्ये असे अनेक दोष मुळातच होऊ शकत नाहीत. फायरफॉक्सने २०१७ मध्ये पानाची मांडणी ठरवणाऱ्या यंत्रणेचा एक मोठा भाग रस्टमध्ये आणला आणि क्रोमियमनेही आता तो मार्ग धरला आहे. पण जुना कोड एका रात्रीत बदलता येत नाही. तोवर दुरुस्त्या हाच आधार उरतो.

एका चित्रामुळे जगभर धावपळ कशी उडाली?

सप्टेंबर २०२३ मधील प्रकरण याचे ठळक उदाहरण आहे. इंटरनेटवरील चित्रांचा आकार कमी व्हावा म्हणून गुगलने ‘वेबपी’ हा फॉरमॅट २०१० मध्ये आणला. तो उलगडण्यासाठी लागणारा कोड गुगलने मोफत, खुला ठेवला आणि जवळपास सर्वांनी तो आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला. या कोडमध्ये दाबलेले चित्र पुन्हा उलगडताना एक तक्ता तयार होतो. त्या तक्त्यासाठी किती जागा लागेल याचा अंदाज आधीच बांधलेला होता. मुद्दाम विशिष्ट पद्धतीने बनवलेले चित्र तो अंदाज चुकवू शकत होते. रजिस्टरातील दहा रकाने आणि बारा आकडे, हेच इथे घडत होते.

टोरांटो विद्यापीठातील ‘सिटिझन लॅब’ ही संस्था वॉशिंग्टनमधील एका नागरी संघटनेशी संबंधित व्यक्तीचा आयफोन तपासत होती. त्यात इस्रायलच्या ‘एनएसओ’ समूहाचे ‘पेगॅसस’ हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर पोहोचवण्याचा एक नवा मार्ग आढळला. त्यासाठी फोनच्या मालकाने कशावरही क्लिक करण्याची गरज नव्हती. ६ सप्टेंबरला अ‍ॅपलच्या सुरक्षा पथकाने आणि सिटिझन लॅबने वेबपीतील दोष गुगलला कळवला. ७ सप्टेंबरला अ‍ॅपलने आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती दिली. ११ तारखेला क्रोमची आणि १२ तारखेला फायरफॉक्सची दुरुस्ती आली. दोष कळल्यापासून पाच-सहा दिवसांत दोन मोठ्या ब्राउझरनी आपले काम पूर्ण केले होते.

पण प्रकरण तिथे संपले नाही. ‘सीव्हीई-२०२३-४८६३’ या क्रमांकाच्या पहिल्या नोंदीत हा दोष केवळ क्रोमचा असल्यासारखे दिसत होते. प्रत्यक्षात वेबपीचा तोच कोड ब्रेव्ह, एज, ऑपेरा यांसारख्या क्रोमियमवर आधारलेल्या ब्राउझरमध्ये, थंडरबर्डसारख्या ई-मेल सॉफ्टवेअरमध्ये आणि सिग्नल, स्लॅक यांच्या संगणकावरील आवृत्त्यांमध्येही होता. प्रत्येकाला आपापली दुरुस्ती स्वतंत्रपणे काढावी लागली. एकाच कारखान्यातील सदोष कुलूप शेकडो घरांना बसवलेले असेल, तर कारखान्याने नवे कुलूप बनवून भागत नाही. ते घराघरांत जाऊन बदलावे लागते.

‘झिरो डे’ आणि त्यानंतरचा धोका यात फरक काय?

कंपनीला दोषाचा पत्ता लागण्यापूर्वी किंवा दुरुस्ती तयार होण्यापूर्वीच हल्लेखोर तो वापरू लागले, तर त्याला ‘झिरो डे’ म्हणतात. बचावासाठी कंपनीला शून्य दिवस मिळाले, असा त्याचा अर्थ. मार्च २०२५ मध्ये ‘कॅस्परस्की’च्या संशोधकांनी असाच एक हल्ला उघड केला. रशियातील माध्यमसंस्था आणि शिक्षणसंस्थांमधील लोकांना एका परिषदेचे निमंत्रण असल्याचे भासवणारे ई-मेल आले होते. विंडोज संगणकावर क्रोममध्ये त्यातील लिंक उघडली, एवढेच पुरेसे होते. सॅण्डबॉक्सची चौकट ओलांडणारा दोष त्यात वापरला गेला होता. गुगलने २५ मार्चला दुरुस्ती दिली. ती पाहून मोझिलाने आपला कोड तपासला, तर फायरफॉक्समध्येही त्याच धाटणीची चूक निघाली. ती २७ मार्चला दुरुस्त झाली.

असे झिरो डे महागडे असतात. ते वापरले गेले की उघड होण्याचा धोका असतो, म्हणून ते जपून, निवडक माणसांवर वापरले जातात. पत्रकार, राजनैतिक अधिकारी, विरोधक, कार्यकर्ते ही त्यांची नेहमीची लक्ष्ये. कोल्हापूरच्या दुकानदाराच्या किंवा नागपूरच्या विद्यार्थिनीच्या फोनवर कोणी लाखो डॉलरचा दोष वाया घालवत नाही.

या सामान्य वापरकर्त्याचा खरा धोका दुरुस्तीनंतर सुरू होतो. दोष जगजाहीर झालेला असतो, त्याची किंमत घसरलेली असते, तो जपून ठेवण्याचे कारण उरलेले नसते. ज्यांनी दुरुस्ती घेतलेली नाही त्यांच्यावर तो सरसकट वापरून पाहणे हल्लेखोरांना परवडू लागते. तंत्रज्ञ अशा दोषांना ‘एन-डे’ म्हणतात, म्हणजे जाहीर होऊन काही दिवस लोटलेला दोष.

दुरुस्तीमधूनच हल्लेखोराला वाट कशी सापडते?

क्रोमियमचा कोड खुला आहे. कोणीही तो वाचू शकतो आणि त्यात रोज होणारे बदलही पाहू शकतो. दोष दुरुस्त करणारी ओळ त्यात टाकली गेली, की जाणकाराला आधीचा आणि नंतरचा कोड शेजारी ठेवून चूक कुठे होती हे ओळखता येते. भिंतीवर नव्याने गिलावा केलेली जागा दिसली, की भोक कुठे होते ते कळते, तसाच हा प्रकार.

एप्रिल २०२१ मध्ये हे सर्वांसमोर घडले. ‘पन-टू-ओन’ या स्पर्धेत दोन संशोधकांनी क्रोमच्या ‘व्ही-८’ या जावास्क्रिप्ट यंत्रणेतील दोष दाखवून एक लाख डॉलरचे बक्षीस मिळवले. त्यानंतर व्ही-८ च्या खुल्या कोडमध्ये दुरुस्ती टाकण्यात आली. पण ती क्रोमच्या वापरकर्त्यांपर्यंत पोहोचण्याआधीच, १२ एप्रिलला, एका भारतीय सुरक्षा संशोधकाने केवळ त्या बदलाचा अभ्यास करून दोष वापरणारा कोड तयार केला आणि तो जाहीरही केला. क्रोमची दुरुस्ती १३ एप्रिलला आली. त्या कोडला सॅण्डबॉक्स फोडता येत नव्हता, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या बळावर मोठे नुकसान शक्य नव्हते. पण दुरुस्ती वाचून दोष शोधायला किती कमी वेळ लागतो, हे त्यातून दिसले.

कोड लपवून ठेवला तर? त्यानेही फारसा फरक पडत नाही. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या जुन्या आणि नव्या आवृत्त्या शेजारी ठेवून फरक शोधण्याची साधने अनेक वर्षांपासून उपलब्ध आहेत. उलट खुल्या कोडमुळे जगभरातील संशोधकांना दोष शोधून कळवता येतात. त्यामुळे कंपन्यांच्या हाती उरतो तो वेग.

कंपन्यांनी हा वेग कसा वाढवला?

कोडमध्ये दुरुस्ती होणे आणि ती वापरकर्त्यांना मिळणे यातील काळाला ‘पॅच गॅप’ म्हणतात. गुगलने दिलेल्या माहितीनुसार क्रोमसाठी हे अंतर एकेकाळी सरासरी ३५ दिवस होते. दर दोन आठवड्यांनी सुरक्षा अपडेट देणे सुरू झाल्यावर ते सुमारे १५ दिवसांवर आले. ऑगस्ट २०२३ मध्ये, क्रोमच्या ११६ व्या आवृत्तीपासून, सुरक्षा अपडेट दर आठवड्याला येऊ लागले. ‘अपडेट फार वारंवार येतात’ या तक्रारीमागचे खरे कारण हे आहे. अपडेटची संख्या वाढली याचा अर्थ ब्राउझर अधिक सदोष झाला, असा लगेच काढता येत नाही. दुरुस्त्या साठवून ठेवण्याऐवजी तयार होताच त्या पाठवल्या जात आहेत.

दुसरी खबरदारी गुप्ततेची. बहुसंख्य वापरकर्त्यांना दुरुस्ती मिळेपर्यंत गुगल दोषाचा तपशील खुला करत नाही. म्हणूनच पहिल्या दिवशीच्या बातमीत ‘अमुक घटकातील गंभीर दोष’ यापलीकडे फारसे काही नसते. तिसरी गोष्ट म्हणजे अपडेट सर्वांना एकाच क्षणी दिले जात नाही. त्यातच काही बिघाड असेल तर तो आधी थोड्या लोकांपुरता राहावा, म्हणून ते टप्प्याटप्प्याने सोडले जाते. साहजिकच जाहीर झालेली दुरुस्ती एखाद्या फोनवर काही दिवसांनी दिसू शकते.

मग शेवटच्या टप्प्यात घोडे कुठे अडते?

इथून पुढचा टप्पा कंपनीच्या हातात नसतो. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमधील अ‍ॅप्स आपोआप अपडेट होतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पण त्यासाठी मूळ सेटिंगनुसार काही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. फोन वाय-फायला जोडलेला हवा, चार्जिंगला लावलेला हवा, त्याचा वापर सुरू नसावा आणि ज्या अ‍ॅपचे अपडेट आहे ते समोर उघडलेले नसावे. घरात ब्रॉडबँड असलेल्याच्या बाबतीत हे रात्री आपसूक जमून येते. पण ज्याचे सारे इंटरनेट मोबाइलच्या रोजच्या डेटा पॅकवर चालते आणि जो झोपताना डेटा बंद करतो, त्याच्या फोनवर या अटी आठवडेच्या आठवडे एकत्र येत नाहीत. फोनची साठवण व्हिडीओ आणि शुभेच्छांच्या चित्रांनी भरली असेल तर अपडेटला जागाही उरत नाही. अपडेट आपोआप होत असेल, या भरवशावर वापरकर्ता निर्धास्त असतो आणि ब्राउझर मात्र दोन महिने जुना असतो.

संगणकावर वेगळी अडचण आहे. तिथे नवी आवृत्ती पार्श्वभूमीवर उतरते, पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत जुनीच चालू राहते. लॅपटॉप बंद न करता नुसते झाकण मिटवणाऱ्याच्या आणि चाळीस टॅब उघडे ठेवणाऱ्याच्या बाबतीत ही वेळ लवकर येत नाही. क्रोमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात दिसणारी ‘अपडेट’ची खूण त्यासाठीच असते. दुरुस्ती तुमच्या यंत्रावर येऊन पडली आहे, फक्त ती लागू व्हायची आहे, असे ती सांगत असते.

केवळ ब्राउझर अपडेट करून भागते का?

बहुतांशी भागते, पण पूर्णपणे नाही. अनेक अ‍ॅप्समध्ये लिंकवर टिचकी मारली की पान त्या अ‍ॅपच्या आतच उघडते. अँड्रॉइडवर हे काम बऱ्याचदा ‘अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू’ हा घटक करतो. तोही क्रोमियमवरच आधारलेला आहे, म्हणजे क्रोममधील अनेक दोष त्यातही असू शकतात. पूर्वी तो फोनच्या मूळ प्रणालीचा भाग होता आणि फोन कंपनीने अपडेट दिले तरच सुधारत असे. २०१४ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५ पासून तो प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे अपडेट होऊ लागला. अपडेटच्या यादीत हे अनोळखी नाव दिसले तर ते टाळू नये.

आयफोनचे गणित निराळे आहे. भारतातील आयफोनवर क्रोम घ्या किंवा फायरफॉक्स, आतील यंत्रणा अ‍ॅपलचीच ‘वेबकिट’ असते आणि तिच्या दुरुस्त्या आयओएसच्या अपडेटसोबत येतात. त्यामुळे अ‍ॅप स्टोअरमधून क्रोम ताजा केला, पण आयओएसचे अपडेट महिनाभर लांबवले, तर ब्राउझरचा गाभा जुनाच राहतो.

अपडेटची भीती अगदीच अनाठायी आहे का?

नाही. मार्च २०२१ मध्ये वेबव्ह्यूच्याच एका सदोष अपडेटमुळे जगभरातील अँड्रॉइड फोनवर जीमेलसह अनेक अ‍ॅप्स उघडताच बंद पडत होती. जुलै २०२४ मध्ये ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक ठप्प केले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांच्या हाती तेव्हा हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले होते. याखेरीज सुरक्षेच्या दुरुस्तीसोबत नको असलेले बदलही येतात. मेनूची जागा बदलते, आवडते एक्स्टेन्शन चालेनासे होते. लोक ‘नंतर’ म्हणतात त्यामागे केवळ आळस नसतो, असा अनुभवही असतो.

तरीही दोन्ही जोखमी सारख्या नाहीत. सदोष अपडेटचा बिघाड लगेच दिसतो, त्याची ओरड होते आणि वेबव्ह्यूच्या प्रकरणाप्रमाणे ती चूक लवकर सुधारली जाते. दुरुस्ती न घेतल्याने झालेली घुसखोरी मात्र दिसत नाही. फोन पूर्वीसारखाच चालत राहतो.

भीतीची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, अपडेट करा’ असे खोटे पान दाखवून घातक सॉफ्टवेअर उतरवायला लावणाऱ्या टोळ्या अनेक वर्षांपासून सक्रिय आहेत. हॅक झालेल्या, एरवी प्रामाणिक असलेल्या संकेतस्थळांवरही असे पान उगवते. भारतात वाहनाचे चलन किंवा लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एपीके’ फाइल पाठवण्याचे प्रकार त्याच जातकुळीचे. खरे अपडेट ओळखण्याचा नियम सोपा आहे. ते प्ले स्टोअर, अ‍ॅप स्टोअर किंवा ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूतून येते. संकेतस्थळावरील पान, एसएमएसमधील लिंक किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरील फाइल यांतून ते कधीही येत नाही.

ज्यांना दुरुस्ती मिळणारच नाही, त्यांचे काय?

हा या विषयातील सर्वात अवघड भाग. विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची १०९ वी आवृत्ती शेवटची ठरली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० व्या आवृत्तीपासून त्यांचा आधार संपला. फोनच्या बाबतीत, ऑगस्ट २०२५ मधील १३९ व्या आवृत्तीपासून क्रोमला किमान अँड्रॉइड १० लागते. म्हणजे अँड्रॉइड ८ किंवा ९ वर थांबलेल्या फोनवर क्रोम १३८ च्या पुढे जाणार नाही. त्यानंतर जाहीर होणारी प्रत्येक दुरुस्ती त्या फोनसाठी फक्त एक बातमी असेल. दोषाचा पत्ता सर्वांना कळलेला असेल आणि तो बुजवण्याची सोय मात्र नसेल.

असा फोन बंद पडत नाही. त्यावर कॉल होतात, व्हिडीओ चालतात. बऱ्याच घरांत नवा फोन आला की जुना आईकडे, आजोबांकडे किंवा अभ्यासासाठी मुलांकडे जातो. म्हणजे सर्वात कमी सुरक्षित यंत्र बहुधा फसवणुकीला सर्वात लवकर बळी पडू शकणाऱ्या हातात असते. फोनची सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हा प्रश्न त्यामुळे कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलइतकाच महत्त्वाचा आहे. युरोपीय महासंघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे प्रणालीची अपडेट उपलब्ध ठेवणे बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील, हे कंपनीने जाहीर करणे एप्रिल २०२४ पासून सक्तीचे आहे. भारतात ग्राहकाने ही चौकशी खरेदीपूर्वी स्वतःच करावी, हे उत्तम.

सरकारी इशाऱ्याचा उपयोग किती?

भारतात हे इशारे ‘सर्ट-इन’ देते. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही संस्था २००४ पासून कार्यरत आहे आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब नुसार सायबर घटनांसाठीची ती राष्ट्रीय संस्था आहे. दोषाची तीव्रता, बाधित आवृत्ती आणि उपाय अशी माहिती ती प्रसिद्ध करते. मात्र सामान्य नागरिकासाठी तो सल्ला असतो. अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ च्या निर्देशानुसार, प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या दोषांची यादी ठेवली जाते आणि ते ठरलेल्या तारखेपर्यंत दुरुस्त करणे तेथील संघीय नागरी विभागांना बंधनकारक असते. वेबपीच्या दोषासाठी तीन आठवड्यांची मुदत होती. इशाऱ्याला तारीख जोडली, की तो कोणाची तरी जबाबदारी होतो.

इशारा वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, दोष ‘प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला गेल्याचे’ म्हटले आहे का? तसे असेल तर त्याच दिवशी अपडेट करावे. दुसरी, आवृत्तीचा पूर्ण क्रमांक. वेबपीची दुरुस्ती मिळालेला क्रोम ११६.०.५८४५.१८७ हा होता. आपल्याकडे ११६ आहे म्हणून निश्चिंत राहिलेल्यांपैकी ज्यांच्या क्रमांकाचा शेवट १८७ पेक्षा लहान होता, त्यांच्याकडे ही दुरुस्ती नव्हती. सुरक्षेच्या दुरुस्त्या अनेकदा या शेवटच्या आकड्यातच असतात.

वापरकर्त्यांनी काय करावे?

अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारावी आणि अ‍ॅप्स व डिव्हाइसच्या व्यवस्थापनात जाऊन अपडेटची यादी पाहावी. सगळी यादी उतरवण्याइतका डेटा नसेल तर निदान ब्राउझर, वेबव्ह्यू आणि बँकेचे अ‍ॅप ही तीन अपडेट आठवड्यातून एकदा मोबाइल डेटावर घ्यावीत. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सॉफ्टवेअर अपडेट आपोआप होण्याची सोय सुरू ठेवावी. संगणकावर क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूत मदतीच्या विभागातील ‘अबाउट गुगल क्रोम’ उघडले, की तपासणी आपोआप सुरू होते. त्यानंतर ब्राउझर पुन्हा सुरू करायला विसरू नये. उघडे टॅब सहसा परत मिळतात. खासगी विंडोतील पाने मात्र परत येत नाहीत, ती आधी बघून घ्यावीत. वापरात नसलेले ब्राउझर आणि एक्स्टेन्शन काढून टाकावीत. ज्या फोनला अपडेट मिळणेच थांबले आहे, त्यावरून बँकेचे व्यवहार करू नयेत आणि त्यात पासवर्ड साठवू नयेत.

वेबपीच्या प्रकरणात दोष कळल्यापासून क्रोमची दुरुस्ती येईपर्यंत पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांवर वापरकर्त्याचे काहीच नियंत्रण नव्हते. त्यानंतरचा प्रत्येक दिवस मात्र ‘नंतर’ या बटणावर टेकलेल्या बोटाचा होता. घरातील ज्येष्ठांच्या फोनमधील ब्राउझरची आवृत्ती आज एकदा तपासली, तर हा काळ त्यांच्यासाठी किती लांबला आहे हे लगेच कळेल.